तंबूत सीपॅप: बॅटरीचा हिशेब

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट घोरण्यावर थांबते. काहींची वाट मात्र पार मिटते. छाती-पोट हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, आचका देऊन श्वास सुरू होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. श्वास असा किमान दहा सेकंद थांबला किंवा बराच मंदावला, तर डॉक्टर तो एक प्रसंग धरतात. तासाला 5 ते 15 प्रसंग म्हणजे सौम्य, 15 ते 30 म्हणजे मध्यम आणि 30 च्या वर म्हणजे तीव्र स्लीप ॲप्निया. रुग्णाला स्वतःला यातले फारसे आठवत नाही. सकाळचे जड डोके, दिवसा बसल्या जागी लागणारी डुलकी, न आटोपणारा रक्तदाब यांवरून आणि शेजारी झोपणाऱ्याच्या तक्रारीवरून शंका येते.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. नाकावर मास्क लावून त्यातून सतत थोड्या दाबाची हवा सोडायची, म्हणजे घशाची वाट आतून उघडी राहते. हेच सीपॅप यंत्र. त्याचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि तो साधारण 4 ते 20 च्या दरम्यान, रुग्णानुसार ठरवलेला असतो. यंत्र आजार बरा करत नाही, चालू असेपर्यंत फक्त वाट उघडी ठेवते. ज्या रात्री ते बंद, त्याच रात्री श्वास पुन्हा अडकू लागतो.

म्हणूनच सीपॅप सुरू झाला की अनेक जण मुक्कामी भटकंतीला रामराम ठोकतात. पवना धरणाच्या काठी तंबू, भंडारदऱ्याला काजवे पाहायला मुक्काम, कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर राहुटी, हे सगळे वीज नाही म्हणून यादीतून खोडले जाते. काही जण याच्या उलट करतात. एक-दोन रात्रींनी काय होते म्हणून यंत्र घरीच ठेवून जातात. या दोन्ही गोष्टींची गरज नसते. नेहमीच्या दाबावर यंत्राला लागणारी वीज लहान एलईडी दिव्याइतकीच असते, आणि ती पुरवणारी बॅटरी आज पाठीवरच्या सॅकमध्ये मावते. फक्त हिशेब आधी आणि घरीच झाला पाहिजे.

वीज खरी कुठे जाते ते पाहिले की हिशेबाचे निम्मे काम होते. यंत्रात हवा ढकलणारा छोटा पंखा असतो. 10 सेंटिमीटरच्या आसपास दाब असेल, तर तो चालवायला साधारण 6 ते 12 वॅट पुरतात. दाब जास्त असेल किंवा मास्कच्या कडेने हवा गळत असेल, तर पंखा जोरात फिरतो आणि आकडा वाढतो. पण खरा खादाड भाग वेगळाच आहे. हवा दमट करणारा ह्युमिडिफायर पाणी तापवतो आणि नळी गरम ठेवणारी तारही उष्णताच तयार करते. हे दोन्ही चालू असले की यंत्र 30 ते 60 वॅटपर्यंत जाऊ शकते. म्हणजे बॅटरीतली बहुतेक वीज श्वासासाठी न जाता पाणी कोमट करण्यात खर्ची पडते. ॲडॉप्टरवर 65 किंवा 90 वॅट असे छापलेले असते. तो आकडा जास्तीत जास्त किती पुरवठा होऊ शकतो याचा आहे. त्यावरून बॅटरी घेतली तर गरजेपेक्षा कितीतरी मोठे ओझे पदरात पडते.

आपले यंत्र नेमकी किती वीज खाते, हे दुकानदाराला किंवा दुसऱ्या रुग्णाला विचारून कळत नाही. ते मोजावे लागते. भिंतीचा सॉकेट आणि ॲडॉप्टर यांच्या मध्ये बसणारा प्लगचा वॅटमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. त्याचा आकडा शून्यावर आणून नेहमीप्रमाणे झोपायचे आणि सकाळी युनिट वाचायचे. 0.32 दिसले, तर रात्रभरात 320 वॅट-तास खर्च झाले. दुसऱ्या रात्री ह्युमिडिफायर आणि नळीची उष्णता सेटिंगमधून बंद करून हेच करायचे. तोच मीटर 0.08 च्या आसपास थांबला, तर खर्च 80 वॅट-तास. या दोन आकड्यांतली तफावत डोळ्यांनी पाहिली, की तंबूत काय बंद ठेवायचे हे कुणी सांगावे लागत नाही. ह्युमिडिफायर बंद ठेवताना पाण्याचे भांडे रिकामे करून जागेवरच ठेवावे किंवा यंत्रासोबत मिळणारे बंद झाकण लावावे. जागा उघडी राहिली तर हवा तिथूनच निसटते. दाबाला मात्र हात लावू नये. बॅटरी वाचावी म्हणून डॉक्टरांनी ठरवलेला दाब कमी करणे म्हणजे उपचारच कमी करणे.

ह्युमिडिफायरशिवाय नाक-घसा कोरडा पडेल ही भीती रास्त आहे, पण ती सगळीकडे सारखी नाही. कोकणात आणि गोव्यात रात्रीची हवा मुळातच दमट असते. तिथे त्याची उणीव जाणवेलच असे नाही. देशावर, विशेषतः हिवाळ्यात आणि चैत्र-वैशाखात, हवा सुकी असते. तिथे झोपण्याआधी नाकात सलाइनचा स्प्रे मारल्याने बराच फरक पडतो. काही यंत्रांसाठी उच्छ्वासातलाच ओलावा धरून ठेवणारी लहान जाळी मिळते, तिला वीज लागत नाही. प्रवासासाठी बनवलेल्या छोट्या यंत्रांपैकी रेसमेड कंपनीचे ‘एअरमिनी’ याच पद्धतीने चालते. त्याचे वजन फक्त 300 ग्रॅमच्या आसपास आणि ॲडॉप्टर 20 वॅटचा आहे. वर्षातून अनेक रात्री बाहेर काढणाऱ्याला असे दुसरे यंत्र घेणे परवडले तर सोयीचे पडते. एखाद-दुसऱ्या सहलीसाठी घरचेच यंत्र पुरे.

बॅटरीवर कुठे अँपिअर-तास लिहिलेले असतात, कुठे मिलिअँपिअर-तास, तर कुठे वॅट-तास. तुलना नेहमी वॅट-तासांतच करावी. अँपिअर-तासांना व्होल्टने गुणले की वॅट-तास मिळतात. 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासांची, संगणकाच्या यूपीएसमध्ये असते तशी शिसे-आम्लाची सीलबंद बॅटरी म्हणजे 84 वॅट-तास. कागदावर ती एका रात्रीला पुरेशी वाटते. पण शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त वीज वारंवार काढली तर ती लवकर मरते, म्हणून हाती लागतात जेमतेम चाळीस. ‘20,000 एमएएच’ची पॉवर बँक आतल्या 3.7 व्होल्टच्या हिशेबाने 74 वॅट-तासांची असते, आणि व्होल्टेज वाढवताना त्यातलीही काही वीज वाया जाते. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत लोडशेडिंगच्या काळात आलेली 150 अँपिअर-तासांची इन्व्हर्टरची बॅटरी 1800 वॅट-तासांची आहे. घरी रात्री वीज गेली तर तीच सीपॅपला सहज सांभाळते, पण तिला तंबूत नेणे दोन माणसांचे काम आहे.

भटकंतीसाठी आज सर्वांत योग्य म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी. 12.8 व्होल्ट 20 अँपिअर-तासांची बॅटरी 256 वॅट-तासांची होते, वजन साधारण अडीच-तीन किलो. तिच्यातली बहुतेक सगळी वीज वापरता येते, शेवटपर्यंत व्होल्टेज फारसे पडत नाही, आणि इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा तिने आग धरण्याचा धोका कमी असतो. आत संरक्षक सर्किट असलेलीच, नावाजलेल्या कंपनीची बॅटरी घ्यावी. हाच माल दांडी, पडदा आणि सॉकेटसह डब्यात बसवलेला मिळतो, त्याला बाजारात पॉवर स्टेशन म्हणतात. किती टक्के उरले ते पडद्यावर दिसते आणि वायरिंगची कटकट नसते, म्हणून ज्याला इलेक्ट्रिकच्या कामाची सवय नाही त्याने तेच घ्यावे. एक गोष्ट मात्र खरेदीपूर्वी तपासायची. बरीच पॉवर स्टेशन आणि पॉवर बँका अगदी कमी वीज ओढली जात असेल, तर काही वापर नाही असे समजून स्वतःहून बंद होतात. ह्युमिडिफायरशिवाय चालणारा सीपॅप नेमका इतकी कमी वीज खाणारा आहे. मध्यरात्री भरलेली बॅटरी बंद पडते ती यामुळे. ही सोय सेटिंगमधून काढून टाकता आली पाहिजे, नाहीतर ते उपकरण या कामाचे नाही.

जोडणी दोन प्रकारे होते. एक म्हणजे बॅटरीची 12 व्होल्टची वीज इन्व्हर्टरने 230 व्होल्टची करायची आणि यंत्राचा नेहमीचा ॲडॉप्टर त्यात लावायचा. यात वीज आधी वर चढवायची आणि ॲडॉप्टरने पुन्हा खाली आणायची, असा उफराटा प्रवास होतो. शिवाय इन्व्हर्टर स्वतःच्या जिवासाठी पाच ते पंधरा वॅट खातो. यंत्राला दहा वॅट हवेत आणि इन्व्हर्टरलाच दहा लागतात, म्हणजे बॅटरी निम्म्या वेळात संपणार. दुसरा मार्ग थेट डीसी केबलचा. फिलिप्सचे ‘ड्रीमस्टेशन’ 12 व्होल्टवर चालते, म्हणून त्याची 12 व्होल्टची केबल थेट बॅटरीवर लागते. रेसमेडच्या ‘एअरसेन्स 10’ आणि ‘11’ ना 24 व्होल्ट लागतात. त्यांना 12 चे 24 करणारा कन्व्हर्टर मध्ये घ्यावा लागतो, आणि तो कंपनी स्वतःच गाडीच्या सॉकेटसाठी विकते. यंत्र किती व्होल्टचे, हे ॲडॉप्टरच्या खालच्या चिकटपट्टीवर ‘आउटपुट’च्या पुढे वाचावे. पिन बसते म्हणून कोणतीही केबल खुपसणे महागात पडते. व्होल्टेज चुकले किंवा धन-ऋण टोके उलटी झाली, तर यंत्राचे सर्किट जळते आणि वॉरंटीही जाते. इन्व्हर्टर वापरावाच लागला तर ‘प्युअर साइन वेव्ह’ लिहिलेला घ्यावा. उघड्या बॅटरीला केबल जोडताना धन टोकाजवळ फ्यूज असलाच पाहिजे. तंबूच्या नायलॉनला आणि स्लीपिंग बॅगेला एक ठिणगीही पुरते.

आता प्रत्यक्ष उदाहरण. पवनाकाठी शनिवार-रविवारचे दोन मुक्काम, दाब 10 सेंटिमीटर, ह्युमिडिफायर बंद, थेट डीसी जोडणी. यंत्राला सरासरी 10 वॅट, झोप आठ तास, म्हणजे रात्रीला 80 वॅट-तास. कन्व्हर्टरमध्ये दहाएक टक्के जातात, म्हणून 88 धरू. मास्कची गळती, थंडी आणि बॅटरीचे वय यांसाठी पाव भाग राखीव ठेवला, तर 110. दोन रात्रींचे 220. 256 वॅट-तासांच्या बॅटरीत हे बसते आणि सकाळी फोन थोडा चार्ज करण्याइतकी वीजही उरते. याच सहलीत कुणी ह्युमिडिफायर आणि गरम नळी चालू ठेवून 40 वॅट खर्च केले, तर पहिल्याच रात्रीला 320 लागतील. बॅटरी पहाटे संपेल आणि दुसरी रात्र यंत्राविना जाईल. निघण्याच्या आठवडाभर आधी घरीच भिंतीचा प्लग काढून याच बॅटरीवर एक पूर्ण रात्र झोपावे. कागदावरचा कोणताही हिशेब या चाचणीची बरोबरी करत नाही.

गाडी सोबत असली की गाडीच्या बॅटरीकडे नजर जाते. लहान मोटारीची बॅटरी 35 अँपिअर-तासांच्या आसपास असते आणि एक रात्र तिच्यावर निघूही शकते. पण ती इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते, रात्रभर उपसण्यासाठी नव्हे. वस्तीपासून दूर सकाळी गाडी चालूच झाली नाही, तर धक्का मारायला माणसे कुठून आणणार? गाडीचा खरा उपयोग चार्जिंगचा. इंजिन चालू असताना 12 व्होल्टच्या सॉकेटमधून पॉवर स्टेशनला साधारण 100 वॅट मिळू शकतात. दोन-तीन तासांच्या भटकंतीत रात्रीचा खर्च भरून निघतो. तीन-चार रात्रींहून जास्त मुक्काम असेल तर 100 वॅटचे घडीचे सोलर पॅनेल कामाला येते. महाराष्ट्राच्या स्वच्छ उन्हात ते सूर्याकडे तोंड करून ठेवले, तर दिवसाला 300 वॅट-तासांच्या आसपास देते. पावसाळी ढगांत मात्र त्याच्यावर भिस्त ठेवू नये. आणि पॅनेल उन्हात हवे असले, तरी बॅटरी सावलीतच ठेवावी.

तंबूतली मांडणीही विचाराने करावी. यंत्र थेट जमिनीवर ठेवले, तर माती, मुंग्या आणि दव हे सगळे त्याच्या हवा ओढण्याच्या जागेपाशी येते. उलटा ठेवलेला प्लास्टिकचा डबा किंवा घट्ट सॅक पुरते, मात्र मागची जाळी कापडाने झाकली जाऊ नये. यंत्राची पातळी डोक्यापेक्षा थोडी खाली असावी. थंड रात्री नळीत वाफ थंड होऊन पाणी जमते. यंत्र वर असेल तर तेच पाणी गुळगुळत मास्कमध्ये येते आणि झोप मोडते. ह्युमिडिफायर बंद असेल तर हा त्रास बराच कमी होतो. नळीला लोकरीचे कव्हर घातले किंवा ती पांघरुणाच्या आतून घेतली, तरीही आराम पडतो. रात्री उठताना पायात अडकणार नाही अशा बाजूने वायर घ्यावी आणि छोटी विजेरी हाताशी ठेवावी. परतल्यावर हवेचा फिल्टर बदलावा किंवा धुण्याजोगा असेल तर धुवावा.

यंत्र तंबूतली किंवा तंबूबाहेरची जी हवा असेल तीच फुप्फुसात ढकलते, ही गोष्ट शेकोटीच्या वेळी विसरली जाते. शेकोटीवरून वारा जिकडे वाहतो तिकडे तंबू लावला, तर धूर थेट मास्कमध्ये येतो. तंबूत सिगडी किंवा पेटलेले कोळसे ठेवणे, तंबूला लागून जनरेटर चालवणे हे तर कुणासाठीही जीवघेणे आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि यंत्र ते गाळत नाही. कॅम्पवर अनेकदा असणाऱ्या दारूबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि ॲप्निया बळावतो. त्या रात्री नेहमीचा दाब अपुरा पडू शकतो.

सह्याद्रीत उंचीची चिंता नाही. कळसूबाई, म्हणजे राज्यातले सर्वोच्च शिखर, 1646 मीटरचे आहे आणि आजची बहुतेक यंत्रे तेवढ्या उंचीवरच्या विरळ हवेशी आपोआप जुळवून घेतात. हिमालयात जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. ‘एअरसेन्स 10’ साठी कंपनीने सांगितलेली मर्यादा 2591 मीटर आहे. लेह सुमारे 3500 मीटरवर, तर केदारनाथ त्याहून थोडे वर. तिथे यंत्र चालले तरी ठरवलेला दाब देईलच याची हमी नाही. शिवाय एवढ्या उंचीवर मेंदूकडून श्वासाचा आदेशच अधूनमधून थांबतो. ते घशाच्या अडथळ्यापेक्षा निराळे प्रकरण आहे. अशा ट्रेकआधी झोपेच्या आजारांच्या डॉक्टरांशी बोलणे अनिवार्य समजावे. गोठणबिंदूच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये, त्याने ती कायमची खराब होते. वापरताना ती स्लीपिंग बॅगेच्या बाजूला, दव लागणार नाही अशी ठेवावी.

विमानाने जाणाऱ्यांसाठी बॅटरीची निवड नियमच करतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या सामानात नेता येतात. 100 वॅट-तासांपर्यंतच्या सहसा चालतात, 100 ते 160 पर्यंतच्या दोन बॅटऱ्या विमान कंपनीच्या संमतीने, आणि त्याहून मोठी बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. म्हणजे वरच्या उदाहरणातली 256 वॅट-तासांची बॅटरी रस्त्याने किंवा रेल्वेने जाणाऱ्यालाच उपयोगी. विमानातून जाणाऱ्याने शंभराच्या आतल्या दोन घ्याव्यात. रेल्वेतही काही गाड्यांत रात्री चार्जिंगचे सॉकेट बंद ठेवतात, तेव्हा रात्रीच्या प्रवासात बर्थवरही हीच बॅटरी कामी येते.

एवढे करूनही रात्री तीनला वीज संपू शकते. यंत्र बंद पडताच मास्क काढून ठेवावा. तोंड-नाक झाकणाऱ्या मास्कना बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, पण तिच्या भरवशावर झोपून राहू नये. उरलेली रात्र कुशीवर, डोक्याकडची बाजू उंच करून झोपावे, कारण उताणे झोपल्यावर घसा जास्त मिटतो. ज्यांचा ॲप्निया तीव्र आहे, ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार आहे, किंवा ज्यांचे यंत्र बायपॅप प्रकारचे (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारे) आहे, त्यांनी अशी एकही रात्र गृहीत धरू नये. त्यांनी दुप्पट बॅटरी सोबत ठेवावी, आणि मुक्कामाला जावे की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. बाकीच्यांना एका बिघडलेल्या रात्रीने सहसा मोठी इजा होत नाही, पण दुसऱ्या दिवशीची झापड खरी असते. कॅम्पवरून परतताना वाटेत घाट लागणार असेल, तर यंत्राविना रात्र काढलेल्या माणसाने त्या दिवशी स्टिअरिंगवर बसू नये, गाडी दुसऱ्याला चालवायला द्यावी.